पंपरूममागची सहा पिल्लं : एका प्रकल्पाच्या नोंदी

शुक्रवार, ३ जानेवारी

तांबडी, आमच्या सोसायटीतली भटकी कुत्री, काल रात्री व्याली. पंपरूमच्या मागे, जिन्याखालच्या त्रिकोणी कोनाड्यात, जिथे गणपतीच्या मंडपाचे उरलेले बांबू वर्षभर पडून असतात तिथे. वॉचमन मामा पहाटेच दारात. "साहेब, सहा झालीत. सगळी जित्ती हायेत."

चिमी, म्हणजे माझी नात, नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती ज्वालामुखी करणार होती. खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. सोड्याचे इतके ज्वालामुखी पाहिलेत की आता व्हिनेगरचा वास आला तरी मी खिडकी उघडतो. पण बोललो नाही काही.

पिल्लं बघून वर आल्यावर तिनेच विचारलं, "आजोबा, अंगावर केस म्हणजे नुसती लव, डोळे मिटलेले, आणि तांबडी मधेच उठून निघून गेली. त्यांना थंडी नाही का वाजत?"

म्हटलं, मोजू या.

ज्वालामुखी रद्द. नियम ठरवले: पिल्लांना हात लावायचा नाही, तांबडी जवळ असताना कोनाड्यात वाकायचं नाही, मोबाइलचा फ्लॅश मारायचा नाही. आणि वही एकच, पेनाने लिहायची, खोडरबर वापरायचं नाही.

शनिवार, ४ जानेवारी

कोरोनात सोसायटीने गेटसाठी घेतलेली थर्मल गन मामांच्या खणात पडून होती. पेन्सिल सेल घातले, चालू झाली. पिल्लांच्या ढिगावर धरली तर ३६.१. चिमी खूश. मग गंमत म्हणून भिंतीवर धरली, तर 'लो'. मामांच्या चहाच्या कपावर धरली, तर 'हाय'.

इथे मला शंका आली. यंत्र 'शरीर' या स्थितीत होतं. त्या स्थितीत ते माणसाच्या कपाळाच्या कातडीचं तापमान घेतं, त्यात आपली भर घालतं आणि आतलं तापमान म्हणून दाखवतं. ठराविक मर्यादेबाहेर गेलं की नुसतं 'लो' किंवा 'हाय'. कुत्र्याच्या पिल्लाच्या पाठीला माणसाच्या कपाळाचा हिशोब कसा लागू पडेल? बटण दाबून धरून 'पृष्ठभाग' स्थिती आणली. आता ढिगाचा माथा ३२.४, फरशी १९.८, भिंत २०.६.

आधीचे आकडे चिमी गिचमिड करून खोडायला निघाली होती. एकच आडवी रेघ मार म्हटलं, खालचं वाचता आलं पाहिजे. चुकलेलं रीडिंगही रीडिंगच असतं.

आणखी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. ही गन केसांच्या टोकांचं तापमान सांगते, पिल्लाच्या आतलं नाही. तेव्हा आकड्यांची आपसात तुलना करायची, 'पिल्लाचं तापमान' असं कुठेही लिहायचं नाही.

रविवार, ५ जानेवारी

दिवसातून तीन वेळा ठरल्या: सकाळी साडेसहा, दुपारी दीड, रात्री दहा. कोनाड्याच्या कडेला ३० सेंमीची फूटपट्टी टेकवून ठेवली आणि फोटो नेहमी तिसऱ्या पायरीवरूनच काढायचा, म्हणजे ढिगाची रुंदीही मोजता येईल.

सकाळी कोनाड्यात १८.२. येऊरच्या डोंगराकडून पहाटे जो गारवा उतरतो तो आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरात थेट जिन्यात शिरतो, त्यात पंपरूमची खिडकी वर्षानुवर्षं फुटकी. ढीग २६ सेंमी रुंद. पिल्लं एकमेकांच्या अंगावर, एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर, एकाचं तर नुसतं ढुंगण दिसत होतं. दुपारी २७.५ आणि ढीग ४१ सेंमी. म्हणजे तो ढीग राहिलाच नव्हता, सहाजणं हातपाय पसरून बाजूबाजूला.

खाली कोटा फरशी आहे. मामांनी दोन जुनी गोणपाटं आणली आणि तांबडी बाहेर गेल्यावर कडेने आत सरकवली. रात्री बघितलं तर सगळी गोणपाटावर.

सोमवार, ६ जानेवारी

कालच्यासारखंच. सकाळी २५ सेंमी, दुपारी ३९, रात्री ३०. आईचा यात हात नाही. सकाळचा फोटो काढला तेव्हा तांबडी अर्धा तास तरी मासळीवाल्यांच्या रांगेकडे गेलेली होती. डोळे बंद, कान बंद, चार दिवसांची पिल्लं, आणि हवा बघून आपला ढीग आवळतात, सैल करतात.

चिमीचा प्रश्न: एक पिल्लू बाजूला ठेवून ते किती लवकर गार पडतं ते मोजता येईल का? मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, "फक्त पाच मिनिटं?" पाच मिनिटंही नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी शोधू.

बुधवार, ८ जानेवारी

आज व्हायला नको होतं ते झालं.

जिना धुणाऱ्याने वरून पाइप सोडला. पाणी जिन्यावरून उतरून कोनाड्यात आलं. तांबडी भुंकत बाहेर पळाली, पिल्लं गोणपाटाच्या कोरड्या कोपऱ्यात सरकली, एक मात्र बांबूंच्या पलीकडे राहिलं. पांढऱ्या पायाचं. मामांना ते ९.४० ला दिसलं, किती वेळ तिथे होतं कोण जाणे. मामा म्हणाले, "साहेब, ते गार पडलंय. पन थंडी वाजत नसावी, कापत न्हाई."

इथे नियम मोडला आणि मी पिल्लू उचललं. तळहातावर ओलं फडकं ठेवावं तसं लागलं. तोंड किंचित उघडं. पोटावर गन धरली: २५.३. हालचाल म्हणजे मान डावी-उजवी, अगदी सावकाश.

न कापण्याचं कारण डॉक्टरांनी फोनवर सांगितलं (प्राण्यांचे डॉक्टर, चिमीच्या मैत्रिणीच्या ओळखीतले). कुत्र्याच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात कुडकुडताच येत नाही. स्नायू थरथरवून उष्णता तयार करायची ती सोय साधारण सहा-आठ दिवसांनी सुरू होते. तोवर ते कापत नाही म्हणून त्याला थंडी नाही असं धरून चाललं की पिल्लू हातचं जातं.

तोपर्यंत तळमजल्याच्या वहिनी वाटीत कोमट दूध आणि कापसाचा बोळा घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी तेही थांबवलं. पिल्लू गार पडलं की आतडी चालायची थांबतात. पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच राहतं, आणि गिळायची ताकद नसेल तर श्वासनलिकेत जातं. आधी ऊब, मग दूध. तीसुद्धा सावकाश. गरम पाण्याची पिशवी थेट लावायची नाही, केस वाळवायचं यंत्र तर नाहीच. वहिनींना ते पटलं नाही. "भुकेलं आहे हो ते," म्हणत वाटी हातातच धरून उभ्या राहिल्या.

कोरड्या पंच्याने पुसलं. मामांनी स्वेटर वर केला, बनियनच्या आत पिल्लू ठेवलं, वरून स्वेटर. गेटवरच्या खुर्चीत बसून राहिले. मधे दोन गाड्या आल्या, त्या लोकांनी आपापलं गेट उघडून घेतलं.

सूनबाई रात्रपाळी करून आली होती, ती आपला डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीन घेऊन खाली आली. १०.०५ ला 'लो', म्हणजे ३२ च्या खाली. १०.२५ ला ३२.६. पहिल्यांदाच आकडा दिसला. १०.५० ला ३३.९. ११.३० ला ३५.१, आणि स्वेटरमधून कुंईकुंई ऐकू यायला लागलं. या वयात ३५ ते ३७ म्हणजे ठीक, मोठ्या कुत्र्याचं ३८ च्या वर असतं ते इतक्यात व्हायचं नाही. तांबडी गेटपाशी येऊन मामांच्या गुडघ्यावर पाय ठेवून हुंगत होती. कोनाड्यात कोरडं गोणपाट घालून पिल्लू परत ठेवलं. तिने ते चाटलं, नाकाने ढकललं. पाच मिनिटांनी बघितलं तर ते आत घुसून दिसेनासं झालं होतं, फक्त एक पांढरा पाय बाहेर.

वहिनींनी दूध तांबडीला पाजलं.

गुरुवार, ९ जानेवारी

सहाच्या सहा आहेत. पांढरपाया पितोय. जिना धुणाऱ्याशी बोललो. त्याला कोनाड्यात पिल्लं आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता खालच्या चार पायऱ्या पुसून घ्यायच्या असं ठरलं.

चिमीने काल दिवसभर वहीत काही लिहिलं नाही. आज स्वतः सगळ्या वेळा आणि आकडे उतरवले आणि खाली लिहिलं: 'हा प्रयोग नाही.' मी ते तसंच ठेवलंय.

रविवार, १२ जानेवारी

बाटल्यांचा प्रयोग.

भंगारवाल्याकडून कफ सिरपच्या १०० मिलीच्या आठ सारख्या बाटल्या आणल्या, लेबलं भिजवून काढली. सात एकत्र, म्हणजे एक मध्ये आणि सहा तिच्याभोवती. एक गोल तितक्याच जाडीच्या सहा गोलांनी बरोबर वेढला जातो, हे चिमीला बाटल्या मांडल्यावरच कळलं. आठवी दूर, एकटी. सगळ्यांत ४० अंशांचं पाणी. माझ्याकडे निवृत्तीच्या वेळी मिळालेले प्रयोगशाळेचे तीन थर्मामीटर आहेत, ते मधल्या, कडेच्या आणि एकट्या बाटलीत. तोंडाला पुठ्ठ्याचं झाकण, मधे भोक.

पहिली फेरी फुकट गेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडल्या होत्या. काळा ग्रॅनाइट, जानेवारीतला. सगळ्याच बाटल्या भराभर उतरल्या. चिमी म्हणाली, "हे कोटा फरशीसारखं झालं." अगदी बरोबर. उष्णता खालून पळत होती. बाटल्यांखाली थर्मोकोल घातला आणि दुसरी फेरी घेतली.

खोली २१ अंश, पंखा बंद. अर्ध्या तासाने एकटी बाटली ३२.५, कडेची ३४.५, मधली ३७.

मधल्या बाटलीचा पाराच हलत नव्हता म्हणून चिमीने थर्मामीटर बिघडला असेल असं समजून तो बदलून पाहिला. तोही ३७ च.

तिसऱ्या फेरीत पंखा एकवर ठेवला. एकटी २८. कडेची ३२. मधली ३६. चौथ्या फेरीत एकट्या बाटलीला ओला मोजा घातला, पंखा बंद. अर्ध्या तासात २६.५, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यातल्या कोरड्या बाटलीहूनही खाली. बुधवारी पांढरपायाचं काय झालं ते या मोज्याने दाखवलं. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती अंगातूनच घेतली जाते. जन्मतः तर प्रत्येक पिल्लू ओलंच असतं. तांबडी एकेकाला चाटून कोरडं करते ती नुसती माया नाही.

अकरावीच्या मुलांसाठी न्यूटनच्या शीतलन नियमाचा प्रयोग मी वर्षाला निदान वीसदा मांडायचो. कॅलरीमीटर, ढवळणी, स्टॉपवॉच, आलेखाची वही. आसपासच्या हवेशी जितका तापमानाचा फरक जास्त, तितकं भराभर थंड होणार. मुलं वक्ररेषा काढायची, मार्क घ्यायची. इतक्या वर्षांत कुणी दोन कॅलरीमीटर शेजारी चिकटवून ठेवून बघितलं नाही. मीही नाही.

बाटल्या आवरल्यावर चिमीने लहानपणचे लाकडी ठोकळे काढले. एका ठोकळ्याला सहा बाजू, आठ सुट्या ठोकळ्यांना ४८. दोन बाय दोन बाय दोन रचले की बाहेर दिसतात फक्त २४. ठोकळे तेवढेच, उघडं अंग निम्मं. पिल्लू जितकं लहान तितकं त्याच्या वजनाच्या मानाने अंग जास्त उघडं. माणसाच्या नवजात बाळाचंही तेच, किलोमागे त्याची कातडी मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट. जमून बसणं म्हणजे सहा लहान प्राण्यांनी मिळून थोडा वेळ एक मोठा प्राणी होणं. हे वाक्य चिमीचं, माझं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. हिने टोपलीतली चवड उचलून मधली भाकरी माझ्या ताटात टाकली. बोट भाजलं. म्हणाली, "यासाठी आठ बाटल्या लागल्या होय तुम्हाला?"

काय बोलणार? वरची भाकरी गार, खालची वाफेने ओलसर, मधली गरम. प्रत्येक घरात रोज होतो हा प्रयोग. वहीत नोंद घेतली.

बुधवार, १५ जानेवारी

तेरावा दिवस. दोघांचे डोळे किलकिले उघडलेत, निळसर-राखाडी. बाकीच्यांचे फटीएवढे.

शुक्रवार, १७ जानेवारी

बाटल्या एका ठिकाणी कमी पडतात, आणि ते चिमीनेच काढलं. मधली बाटली कायम मधली राहते. पिल्लं हलतात. मग कडेला राहतं कोण?

यावर वाचत बसलो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या जेफ्री अल्बर्ट्स यांनी १९७८ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर नेमकं हेच काम प्रसिद्ध केलं होतं. गारठा वाढला की पिल्लांचा घोळका आवळतो, गरम झालं की पसरतो, आणि घोळक्यातली पिल्लं एकट्या पिल्लापेक्षा कमी प्राणवायू वापरतात, म्हणजे ऊब टिकवायला इंधन कमी जाळतात. शिवाय घोळका स्थिर नसतो. गार असताना वरचं पिल्लू आत शिरतं, उकडलं की आतलं वर येतं, आणि हे सारखं चालू असतं. प्रत्येक जण आपापल्या सोयीसाठीच हलतो, तरी सगळ्या घोळक्याचं तापमान राखलं जातं.

सशांत मात्र इतका समतोल नाही. सशिणीचा संसारच वेगळा. स्वतःचे केस उपटून घरटं मऊ करते आणि दिवसातून एकदाच येते, तीन-चार मिनिटं पाजते, जाते. उरलेला दिवस पिल्लं एकमेकांच्या भरवशावर. त्यांच्यात वजनदार पिल्लं मधली जागा जास्त पटकावतात असं आढळलंय. मधे राहिलं की ऊब जास्त, खर्च कमी, वाढ जास्त, आणि मग पुन्हा मधे.

डुकराचं तर मला अगदी वाईट वाटलं. बऱ्याच सस्तन पिल्लांकडे तपकिरी चरबी असते. तिच्या पेशींतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) इंधन जाळतात, पण एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी लागणारा ऊर्जेचा रेणू, बनवण्याऐवजी सरळ उष्णता सोडतात. त्यासाठी जे प्रथिन लागतं त्याचं जनुक डुकरांच्या पूर्वजांत साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीच मोडलं. त्यामुळे डुकराचं पिल्लू जन्मल्यापासून कुडकुडतं आणि भावंडांना बिलगतं. आमच्या सहांचं बरोबर उलटं: कुडकुडता येत नाही, पण थोडी तपकिरी चरबी आहे. बिलगणं दोघांनाही चुकलेलं नाही.

शनिवार, १८ जानेवारी

कोण मध्ये, कोण कडेला हे मोजायचं तर पिल्लं ओळखता यायला हवीत. पांढरपाया, काळू, ठिपक्या आणि शेपटाला पांढरं टोक असलेली शेंडी हे चौघं सोपे. उरलेले दोघं सारखेच तपकिरी. चिमीने तांबडी बाहेर असताना एकाच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं. तांबडी आली, हुंगलं, दहा मिनिटांत चाटून साफ. पुन्हा लावलं, पुन्हा साफ. तिसऱ्यांदा तांबडीने चिमीकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर हळद वर गेली.

तपकिरी दोघांना एकत्र मोजायचं ठरलं.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी सहा ते सात, दर पाच मिनिटांनी एक फोटो. एकूण १२. कोनाडा १७.९. 'मध्ये' म्हणजे काय यावर घरात पाऊण तास वाद. शेवटी ठरलं: ज्याच्या चारही बाजूंना दुसरं पिल्लू किंवा कोणाचं तरी अंग लागलंय ते मध्ये.

पांढरपाया ५ वेळा मध्ये. काळू ४. ठिपक्या ३. शेंडी ६. तपकिरी दोघं मिळून ७. ओळखू येणाऱ्या चौघांत बाराही फोटोंत मध्ये असलेलं एकही नाही, बाराही फोटोंत कडेला राहिलेलंही एकही नाही. एका सकाळच्या बारा फोटोंवरून यापेक्षा जास्त बोलू नये. पण फोटो एकामागून एक भराभर सरकवले की दिसतं: कडेचं पिल्लू डोकं खाली घालतं, दोघांच्या मधल्या फटीत नाक खुपसतं आणि मागच्या पायांनी रेटत आत जातं. त्याने मधल्याला उचकटलं की तो कडेला. भांडण नाही, गुरगुर नाही. सकाळी ८.११ च्या ठाणे लोकलच्या दारात असतो तसा रेटा, फक्त सगळे झोपेत.

बुधवार, २२ जानेवारी

सूनबाईला सुट्टी. ती नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. चिमीच्या तक्त्यावर 'वहन, अभिसरण, प्रारण, बाष्पीभवन' लिहिलेलं बघून म्हणाली, हे आमच्या वॉर्डच्या भिंतीवरही लावलंय.

बाळांचं तिने सांगितलं ते थोडक्यात लिहितो. नवजात बाळही जवळजवळ कुडकुडत नाही. त्याच्या खांद्याच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते, तीच त्याची शेगडी. कमी दिवसांच्या बाळाकडे ती साठायलाच वेळ मिळालेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ हवं. ३६ च्या खाली गेलं की मध्यम शीतावस्था, ३२ च्या खाली तीव्र.

मग चिमीने विचारलं, बाळांना पिल्लांसारखं एकत्र का नाही ठेवत? सूनबाई म्हणाली, ठेवायचे. कोलंबियात बोगोटाच्या एका मोठ्या प्रसूतिगृहात इन्क्युबेटर कमी आणि बाळं जास्त, म्हणून एका पेटीत दोन-तीन ठेवावी लागायची. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला. डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये बाळांना पेटीतून काढून आईच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली, तीच कांगारू पद्धत. २०२१ मध्ये पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, त्यात आपली दिल्लीही होती. कमी वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर दिलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

"म्हणजे मामांचा स्वेटर," चिमी म्हणाली.

"मामांचा स्वेटर," सूनबाई म्हणाली. "फक्त आम्ही आधी हात धुवायला लावतो."

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर समितीतल्या एकांनी कोनाड्याचा विषय काढला, पिल्लं 'कुठेतरी' सोडून यावीत म्हणून. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याला नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याच जागी परत आणायचं असतं, दुसरीकडे सोडता येत नाही. हे मी सांगितलं, मामांनी मान डोलावली, चहा आला. पिल्लांचं दूध सुटलं की तांबडीची नसबंदी करून घ्यायची, असं ठरलं.

पिल्लं चोवीस दिवसांची. थंडी वाजली की आता कापतात. दुपारचा ढीग नावालाही नाही, सहाजणं सहा दिशांना.

शनिवार, १ फेब्रुवारी

प्रदर्शन. बाटल्या, ठोकळे, ढिगाच्या रुंदीचा आलेख (कोनाड्याचं तापमान आडव्या अक्षावर, रुंदी उभ्या) आणि बारा फोटोंची पट्टी. परीक्षकांनी विचारलं, प्रत्यक्ष एखादं पिल्लू वेगळं करून मोजलं का? चिमी म्हणाली, "एकदा झालं, पण आम्ही केलं नाही," आणि ८ तारखेचं पान उघडून दाखवलं. ते बराच वेळ वाचत उभे होते.

उत्तेजनार्थ. तिसरा क्रमांक ज्वालामुखीला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रकल्प संपला तरी वही चालू आहे, कारण एक गोष्ट बसत नाही. रात्री दहाला कोनाडा २३.५, पिल्लं तेहतीस दिवसांची, केस दाट, कुडकुडता येतं, गोणपाट जाड. उबेची तशी गरज नाही. तरी रात्री ढीग २९ सेंमी.

अल्बर्ट्स यांच्याच दुसऱ्या कामात याचा धागा सापडला. उंदरांची पाच-दहा दिवसांची पिल्लं उबदार वस्तूला बिलगतात, ती वस्तू कसली का असेना. पंधराव्या दिवसाच्या सुमारास हे बदलतं. मग नुसती ऊब पुरत नाही, आपल्या जातीचा वास लागतो.

चिमी म्हणाली, करून बघू. यात कुणाला वेगळं करायचं नाही, तेव्हा मीही हो म्हटलं. तांबडी जेवायला गेल्यावर कोनाड्याच्या एका टोकाला गरम पाण्याची बाटली नव्या धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून ठेवली (टॉवेलवर ३४.८), दुसऱ्या टोकाला त्यांचं जुनं, वासाचं, गार गोणपाट (२३.१). पिल्लं मध्ये, मोकळ्या फरशीवर. तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो.

वीस मिनिटांनी चौघं गोणपाटावर, एकावर एक. शेंडी पंपरूमच्या दाराशी कशाशी तरी खेळत होती. पांढरपाया टॉवेलवर गेला होता, पण बिलगायला नाही. त्याने टॉवेलचा कोपरा दातांत धरला आणि बाटलीवरून ओढून काढून गोणपाटाकडे नेला. बाटली गडगडत माझ्या पायाशी आली.

चिमीने लिहिलं: ४ गोणपाट, ० बाटली, १ खेळत, १ ?